पश्चिमेची भिंत : जाळीपासून काचेपर्यंत

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या शाळेच्या नव्या इमारतीचं काम संपत आलं होतं. ऑफिसातल्या टेबलावर काचेचे चार तुकडे मांडले होते. निळा, हिरवा, तपकिरी आणि एक आरशासारखा चकाकणारा. फॅब्रिकेटर एकेक तुकडा उचलून उजेडापुढे धरून दाखवत होता. बांधकाम समितीत शिक्षकांच्या वतीने मी होते, आणि बाई म्हणून एकटीच. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "आपा, रंगातलं तुम्हालाच जास्त कळतं. तुम्ही बोट ठेवाल तो फायनल."

मी निळ्यावर बोट ठेवलं.

त्या बैठकीत काचेचा भाव विचारला गेला. जाडी विचारली गेली. पोरांनी चेंडू मारला तर फुटेल का, हेही विचारून झालं. इमारतीचं तोंड पश्चिमेला आहे आणि ही काच रोज दुपारपासून मगरिबपर्यंत उन्हात तापणार आहे, हे मात्र कुणी बोललं नाही. मीही बोलले नाही.

जागा कमी असल्यामुळे आमची शाळा दोन पाळ्यांत भरते. सकाळी मुलं, दुपारी मुली. नव्या इमारतीतला पहिलाच मार्च होता. आठवीला मराठीचा तास चालू असताना एक मुलगी बाकावरून खाली घसरली. तोंडावर पाणी मारलं, खाली नेऊन अंगणातल्या कडुनिंबाखाली बसवलं, तेव्हा ती भानावर आली. घरच्यांना वाटलं, रोजा असेल. रोजे सुरू व्हायला अजून आठवडा होता. ती जेवूनच आली होती.

दुसऱ्या दिवशी मुलींनी काचेला आतून जुने उर्दू अखबार चिकटवले. वर्गात अंधार झाला, म्हणून ट्यूबलाइट लावल्या. उजेडासाठी बसवलेली काच कागदाने झाकून, भर दुपारी दिवे लावून मी शिकवू लागले. आणि वर्ग तरीही तापलेलाच. शाळेची जुनी इमारत निजामाच्या काळातली. जाड भिंती, पुढे खोल ओसरी, लहान खिडक्या. तिथे पंखा बंद असला तरी दुपारचा तास निभायचा. मग नव्या इमारतीत चुकलं काय?

मी भाषेची शिक्षिका. उर्दू आणि मराठी शिकवते. एखादा शब्द अडला की त्याचं मूळ शोधायचं, ही सवय. या निळ्या काचेचंही मूळ शोधावं असं ठरवलं. तो शोध पॅरिस, न्यूयॉर्क, अबुधाबीपर्यंत घेऊन गेला. पण गोष्ट सगळ्यात नीट समजली ती अहमदाबादेत, साबरमतीच्या दोन काठांवरच्या दोन इमारतींपाशी.

सिदी सय्यदची जाळी

खालाच्या घरच्या लग्नासाठी अहमदाबादला गेले होते. लाल दरवाजाजवळ सिदी सय्यदची मशीद आहे. 1572-73 मध्ये ती बांधली गेली. गुजरातच्या सल्तनतीचे ते अखेरचे दिवस होते. त्याच सुमारास अकबराने गुजरात घेतलं. मशीद बांधवून घेणारा सिदी सय्यद हबशी होता, म्हणजे आफ्रिकी वंशाचा. आपल्या दख्खनमध्ये मलिक अंबरचं नाव सगळ्यांना माहीत असतं. हा त्याच्या थोडा आधीचा.

या मशिदीच्या कमानींत दगडी जाळ्या बसवलेल्या आहेत. त्यातल्या एका जाळीतलं एकमेकांत गुंतलेल्या फांद्यांचं झाड जगभर प्रसिद्ध आहे. आयआयएम अहमदाबादच्या बोधचिन्हातही त्याचंच रूप आहे. लोक येतात, नक्षीचा फोटो काढतात आणि जातात. मी मात्र घरची काच डोक्यात घेऊन गेले होते, त्यामुळे आधी दिशा पाहिली. झाडाची जाळी पश्चिमेच्या भिंतीत आहे.

यात विशेष काय, ते सांगते. भारतात किबला पश्चिमेला येतो. म्हणून आपल्याकडच्या मशिदींची पश्चिमेची भिंत साधारणपणे बंद असते. तिच्यात मेहराब असते, आणि अंगणाकडची पूर्व बाजू कमानींनी उघडी असते. हा नियम नमाजाचा आहे. हवामानासाठी तो कुणी केलेला नाही. पण उष्ण प्रदेशात तो आपोआप सोयीचा ठरला, कारण दुपारनंतरचं सगळ्यात त्रासदायक ऊन बंद भिंतीवर पडतं. सिदी सय्यदच्या कारागिरांनी मात्र ही भिंत पूर्ण बंद ठेवली नाही. मधली कमान दगडाने बंद आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या कमानींत जाळ्या आहेत.

असरच्या सुमाराला मी अंगणात उभी होते. सूर्य मशिदीच्या मागे, तिरपा. सगळी जाळी उजळलेली, पण डोळे दिपत नव्हते. आतल्या फरशीवर उन्हाचे पट्टे नव्हते, बारीक ठिपके होते. जाळीचा दगड जाड असतो आणि छिद्रं लहान. तिरपा किरण छिद्रात शिरतो, तो बाजूच्या दगडावर आपटतो. थेट ऊन तिथेच अडतं. दगडावरून परतलेला मऊ उजेड आत येतो. आणि वारा, त्याला कुणी अडवत नाही.

जाळी म्हटलं की आपल्याकडे चर्चा लगेच जनानखान्याकडे वळते. जाळी म्हणजे पडदा, पडदा म्हणजे बाईला कोंडणं. महालांच्या झरोक्यांबाबत त्यात तथ्य आहे, नाकारायचं कारण नाही. पण मशिदीच्या किबल्याच्या भिंतीमागे कोणती बेगम बसत होती? इथली जाळी उन्हासाठी आणि उजेडासाठी आहे. बाईच्या पडद्याबद्दल आपण इतकं बोललो, की उन्हाचा पडदा विसरून गेलो.

काच नेमकं काय करते

जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या शास्त्रज्ञाने 1767 च्या सुमारास एक प्रयोग केला. लाकडी पेटीला काचेची झाकणं बसवून ती त्याने उन्हात ठेवली. सुधारत सुधारत नेलेल्या अशा पेटीतली उष्णता पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही वर गेली. पेटीत विस्तव नव्हता. होतं ते फक्त ऊन.

कारण साधं आहे. सूर्याचं ऊन काचेतून सहज आत येतं. आतल्या बाकांवर, फरशीवर, भिंतींवर पडून त्याची उष्णता होते. तापलेल्या वस्तू जी उष्णता परत फेकतात, तिच्या लहरी लांब असतात आणि त्या काचेतून पार होत नाहीत. गरम झालेली हवाही कोंडलेली राहते. येणाऱ्याला दार उघडं, जाणाऱ्याला बंद. आमचा आठवीचा वर्ग म्हणजे सोस्यूरची पेटीच होती, फरक इतकाच की तिच्यात साठ मुली बसवलेल्या.

थंडीने गारठलेल्या युरोपला काचेचा हा गुण वरदान वाटला. तिथे काचेची घरं आधी झाडांसाठी बांधली गेली. लंडनच्या 1851 च्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस उभारणारा जोसेफ पॅक्स्टन मुळात बागकाम पाहणारा माणूस होता, रोपांसाठी काचघरं बांधून शिकलेला. आजच्या काचेच्या टॉवरांचा पणजोबा म्हणजे हे रोपांचं घर. आणि मला थांबवणारी गोष्ट पुढेच आहे. लंडनसारख्या थंड शहरातही पॅक्स्टनने त्या काचेच्या छपरावर बाहेरून कापड ताणून सावली केली होती आणि हवेसाठी झडपा ठेवल्या होत्या. जगातल्या पहिल्या मोठ्या काचमहालाला उन्हाळ्यासाठी अंगावर कापड घ्यावं लागलं. आपण नक्कल केली ती काचेची. कापड राहून गेलं.

पॅरिसमधला एक उन्हाळा

विसाव्या शतकात काचेचा मोठा पुरस्कर्ता म्हणजे ल कॉर्ब्युझिए. चंडीगढमुळे हे नाव आपल्याला ठाऊक आहे. त्याने पॅरिसमध्ये मुक्तिफौजेसाठी बेघर लोकांचं आश्रयगृह बांधलं. डिसेंबर 1933 मध्ये ते उघडलं. दक्षिणेकडची जवळपास हजार चौरस मीटरची भिंत अखंड काचेची, एकही खिडकी न उघडणारी. मूळ कल्पना अशी होती, की काच दुहेरी असेल, दोन थरांमधून गरम किंवा गार हवा खेळेल आणि आतली हवा यंत्राने शुद्ध होत राहील. पैसे पुरले नाहीत. काच एकेरी बसली आणि गार हवेची यंत्रणा आलीच नाही.

हिवाळा झकास गेला. उन्हाळ्यात आत राहणं अशक्य झालं. प्रशासनाने खिडक्या उघडत्या करायला लावल्या. कॉर्ब्युझिएला ते पटत नव्हतं, पण करावं लागलं. पुढे युद्धात बॉम्बने ती काच फुटली, आणि नंतर दुरुस्ती करताना भिंतीबाहेर काँक्रीटच्या ऊनरोधक पट्ट्या बसवण्यात आल्या. फ्रेंचमध्ये त्यांना ब्रीझ-सोलेय म्हणतात, म्हणजे ऊन मोडणाऱ्या.

ही गोष्ट वाचली तेव्हा मला जरा बरं वाटलं, हे कबूल करते. चूक करणाऱ्यांत आपण एकटे नाही. पण एक फरकही दिसला. त्या माणसाने चुकीतून काहीतरी उचललं. 1933 पासूनच तो अल्जीरियातल्या आराखड्यांत बाहेरच्या सावलीचा विचार करत होता. 1936 मध्ये ब्राझीलमधल्या रिओ शहरात शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीसाठी तो सल्लागार होता. लुसियो कोस्ता, ऑस्कर नीमायर अशा तिथल्या तरुण वास्तुकारांनी ती इमारत उभी केली. रिओ विषुववृत्ताच्या दक्षिणेला. तिथे ऊन उत्तरेकडून येतं. त्यांनी दक्षिणेची, म्हणजे सावलीची भिंत सगळी काचेची केली आणि उत्तरेच्या भिंतीबाहेर हलवता येणाऱ्या आडव्या पट्ट्या लावल्या. एकाच इमारतीच्या दोन बाजूंना दोन वेगळे चेहरे. आमच्या बैठकीत 'काच कोणती' एवढाच प्रश्न होता. रिओच्या लोकांनी आधी 'काच कुठे' हे विचारलं होतं.

साबरमतीच्या दुसऱ्या काठावर

सिदी सय्यद मशिदीपासून नदी ओलांडली की पलीकडे आश्रम रोडवर अहमदाबादच्या गिरणी मालकांच्या संघटनेची इमारत आहे. कॉर्ब्युझिएचीच. 1954 मध्ये पूर्ण झाली. तिची पूर्व बाजू नदीकडे आहे आणि पश्चिम बाजू रस्त्याकडे. दोन्ही बाजूंना काँक्रीटचे उभे पडदे आहेत, पण एकसारखे नाहीत. नदीकडचे पडदे भिंतीला काटकोनात, सरळ, म्हणजे नदी दिसते आणि वारा येतो. रस्त्याकडचे तिरपे वळवलेले. दुपारनंतरचं तिरपं ऊन त्या वळलेल्या पडद्यांवर आपटतं आणि आत पोचत नाही.

मी रस्त्याच्या पलीकडून ते पडदे पाहत होते, आणि डोळ्यांपुढे आदल्या दिवशीची जाळी होती. दोन्हींमध्ये सुमारे 380 वर्षांचं अंतर. एक हबशी सरदाराची मशीद, दुसरी गिरणी मालकांची कचेरी. एकात वालुकाश्म, दुसरीत काँक्रीट. पण शहर तेच, पश्चिम तीच, आणि दोघांनीही ऊन खोलीत शिरण्याआधी, बाहेरच, जाडीने अडवलेलं. सिदी सय्यदच्या कारागिरांना ही गोष्ट परंपरेने मिळाली होती. कॉर्ब्युझिएला ती पॅरिसमध्ये फजिती होऊन मिळाली.

निळ्या काचेचं घराणं

मग आमची निळी काच आली कुठून? तिचं घराणं न्यूयॉर्कचं. तिथे 1952 मध्ये लीव्हर हाउस नावाची कचेरी उभी राहिली. निळसर-हिरव्या, उष्णता शोषणाऱ्या काचेचा बंद टॉवर. खिडक्या उघडत नाहीत, आत मध्यवर्ती एअर कंडिशनिंग. जगभरच्या कंपन्यांना हे रूप आवडलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये अलस्टेअर पिल्किंग्टनला एक कल्पना सुचली : वितळलेली काच वितळलेल्या कथलावर तरंगू द्यायची. ती आपोआप सपाट होते, घासून पॉलिश करावी लागत नाही. 1959 मध्ये ही फ्लोट पद्धत जाहीर झाली आणि मोठमोठी तावदानं स्वस्त झाली. आपल्याकडे काच तोवर बांगड्या, बाटल्या, कंदील आणि खिडकीचं छोटं तावदान यांपुरती होती. 1990 च्या दशकात तळोज्यासारख्या ठिकाणी फ्लोट काचेचे कारखाने निघाले, आणि मग काच भिंत होऊन तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली.

आमच्या रस्त्यावर आज बँक, हॉस्पिटल, मंगल कार्यालय, मोबाइलचं दुकान, सगळ्यांचं इलेव्हेशन निळ्या काचेचं. लीव्हर हाउसचा रंग आपण घेतला. एअर कंडिशनिंगची यंत्रं घेणं शाळेला कुठून परवडणार? आमच्याकडे वर्गाला तीन पंखे आहेत, त्यातला एक आवाज करतो.

1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि पाश्चात्त्य देशांना इंधनाची किंमत कळली. घरं उबदार ठेवायला लागणारं तेल वाचवायचं, तर खिडकीतून निसटणारी उष्णता अडवायला हवी. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी त्यावर काम झालं आणि 1980 च्या दशकात नव्या लेपाची काच बाजारात आली. तिला लो-ई म्हणतात. काचेवर चांदीसारख्या धातूचा थर, केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी पातळ. खोलीतली उष्णता तो परत खोलीतच फेकतो. म्हणजे मूळ हेतू थंड देशातलं घर उबदार ठेवण्याचा. पुढे या लेपांत आणखी सुधारणा झाली. सूर्याच्या ऊर्जेपैकी जवळपास निम्मी डोळ्यांना न दिसणारी, अवरक्त असते. ती बाहेर परतवायची आणि दिसणारा उजेड आत सोडायचा, असे निवडक लेप तयार झाले. उष्ण प्रदेशाच्या कामाचे आहेत ते हे. दोन्ही प्रकारांना दुकानात 'लो-ई'च म्हणतात, आणि गफलत तिथेच होते.

तीन आकडे, आणि त्याआधी एक हिशेब

काचेच्या रंगाऐवजी त्या दिवशी तीन आकडे विचारायला हवे होते. ते आता मला पाढ्यासारखे पाठ आहेत.

पहिला एसएचजीसी. काचेवर पडलेल्या उन्हातली किती उष्णता आत येते, ते हा आकडा सांगतो. 0.8 म्हणजे शंभरातली ऐंशी आत. साधी पारदर्शक एकेरी काच साधारण तिथे असते. रंगीत काच साधारण 0.6 च्या आसपास येते, कारण ती ऊन शोषते, स्वतः तापते आणि त्यातली काही उष्णता आत सोडते. आमच्या निळ्या काचेला दुपारी हात लावा, चटका बसतो. दुसरा आकडा व्हीएलटी, म्हणजे उजेड किती येतो. आरशासारखी काच उष्णता कमी करते, पण उजेडही खाते आणि समोरच्या घरावर झळ फेकते. तिसरा यू-व्हॅल्यू. बाहेरच्या आणि आतल्या तापमानात फरक असला की काचेतून किती उष्णता झिरपते, ते यावरून कळतं.

थंड देशात यू-व्हॅल्यू आधी पाहतात, कारण बाहेर शून्य आणि आत वीस अंश, असा फरक रात्रंदिवस असतो. आपल्याकडे काय होतं, त्याचा हिशेब फळ्यावर मांडून पाहिला. बाहेर 40 अंश, वर्गात 34, फरक 6 चा. वर्गाला 6 चौरस मीटर काच, एकेरी, यू-व्हॅल्यू 5.7. गुणाकार केला तर सुमारे 205 वॅट.

आता उन्हाचं पाहू. दुपारी चारला पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला 600 वॅट ऊन पडतं असं धरू. 600 गुणिले 6 गुणिले 0.6, म्हणजे 2160 वॅट. बादलीत पाणी तापवायचे दोन रॉड वर्गात चालू ठेवल्यासारखं. झिरपणाऱ्या उष्णतेच्या दहा पट. तेव्हा आपल्याकडे पहिला आकडा एसएचजीसी. यू-व्हॅल्यूचा विचार नंतर, आणि तोही मुख्यतः एसीच्या बंद इमारतीत.

हिशेबाचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. 0.27 ची महागडी निवडक लेपाची काच लावली, तर 2160 चे 972 वॅट होतात. चांगलंच आहे. पण निळी काच तशीच ठेवून बाहेर अशी जाळी उभी केली, जी 600 पैकी 150 वॅटच काचेपर्यंत पोचू देते, तर आत येतात 540 वॅट. उंची काचेपेक्षाही कमी! मुलींनी चिकटवलेल्या अखबारांचं काय चुकलं, तेही यात आलं. कागद आतून होता. ऊन काच ओलांडून आत आलं, कागद तापला, आणि ती उष्णता वर्गातच राहिली. तोच पडदा काचेच्या बाहेर असता, तर गोष्ट वेगळी होती.

आपल्या सरकारची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता 2007 मध्ये आली आणि 2017 मध्ये सुधारली गेली. तिच्या 2017 च्या आवृत्तीत उष्ण प्रदेशातल्या इमारतींसाठी भिंतीच्या जास्तीत जास्त 40 टक्के काच सांगितली आहे. एसएचजीसी 0.27 च्या वर नको. फक्त उत्तरेच्या बाजूला 0.50 पर्यंत सूट आहे, तीही 15 अक्षांशाच्या उत्तरेकडच्या भागाला. सगळा महाराष्ट्र त्यात येतो. आणि व्हीएलटी किमान 0.27 हवा, म्हणजे उष्णतेच्या भीतीने वर्गाची गुहा करायची नाही. बाहेर सावली असेल तर काचेच्या आकड्यात तिचा हिशेब धरायची सोयही संहितेत आहे. पण ती 100 किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या जोडभाराच्या इमारतींना लागू. पंख्यांवर चालणारी गावातली शाळा तिच्यात बसत नाही. कायदा विचारणार नाही, म्हणून आपणच विचारायचं.

दिशेप्रमाणे उपाय बदलतो, हेही लक्षात ठेवावं. दक्षिणेला सूर्य उंच असतो, तिथे साधा छज्जा पुरतो. उत्तरेला मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ थोडं तिरपं ऊन येतं, त्याला बाजूची लहान आडोशाची पट्टी बास. पूर्व आणि पश्चिमेला सूर्य खाली असतो, छज्जाच्या खालून सरळ आत येतो. तिथे उभे पडदे, जाळी, चिक किंवा झाड. आमच्या पश्चिमेच्या काचेवर छज्जा होता. दोन फुटांचा. दुपारी चारला त्याची सावली काचेवर जेमतेम वीतभर पडायची.

मशरबिया

अरब शहरांत खिडकीबाहेर लाकडी जाळीचा सज्जा असतो. त्याला मशरबिया म्हणतात. या शब्दाचं मूळ शीन-रे-बे, म्हणजे पिणं. शरबत, मशरूब हे आपले शब्द त्याच घरातले. या सज्ज्यात वाऱ्याला पाण्याचे माठ ठेवत, त्यावरून हे नाव आलं असं सांगतात. इजिप्तचे वास्तुकार हसन फथी यांनी आयुष्यभर सांगितलं, की ही शोभेची वस्तू नव्हे. ऊन, वारा, उजेड, ओलावा आणि खासगीपण, या सगळ्याचा एकत्र विचार करून ती घडलेली आहे.

पॅरिसमध्ये 1987 मध्ये अरब जगत संस्थेची इमारत झाली, ज्याँ नुव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. तिच्या दक्षिण भिंतीत 240 चौकटी आहेत. त्यात कॅमेऱ्याच्या भिंगासारख्या उघडमीट करणाऱ्या धातूच्या पाकळ्या. उजेड वाढला की मिटतात. देखणं काम आहे, पण यंत्रणा नाजूक निघाली आणि कित्येक वर्षं बंद पडून होती. शिवाय पाकळ्या आहेत काचेच्या थरांमध्ये, म्हणजे ऊन पहिली काच ओलांडून आल्यावर.

अबुधाबीत 2012 मध्ये अल बहर टॉवर्स उभे राहिले. तिथे मशरबिया पुन्हा बाहेर गेली. प्रत्येक टॉवरवर छत्रीसारख्या उघडमिटणाऱ्या सुमारे हजार चौकटी, मूळ काचेपासून दोन मीटर बाहेर. ऊन जसं फिरतं तशा त्या मिटतात. उत्तरेला ऊन कमी, म्हणून तिथे पडदाच नाही. आत येणारी उन्हाची उष्णता यामुळे निम्म्याहून कमी होते, असं ती बांधणाऱ्यांचं म्हणणं. तेल रोखल्यामुळे पश्चिमेत काच सुधारली, त्याच तेलाच्या पैशावर आखातात काचेचे टॉवर उगवले, आणि त्यातल्या काहींना शेवटी आजीच्या खिडकीतली जाळी आठवली.

आमची भिंत

अहमदाबादहून आल्यावर मी समितीची बैठक मागितली. आधी सांगून टाकलं, की बोट माझंच होतं. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "आपा, बोट तुमचं, पण गप्प आम्ही सगळेच होतो." फॅब्रिकेटरने आतून फिल्म लावायचं सुचवलं. मी फळ्यावर हिशेब मांडला. 2160, 972, 540. काच बदलायला पैसे नव्हतेच.

पहिल्या वर्षी बाहेरून बांबूच्या चिका टांगल्या. कायमच्या बंद तावदानांतली अर्धी सरकती करून घेतली. दुसऱ्या वर्षी जुम्याच्या नमाजनंतर चंदा जमला. तळमजल्याच्या पश्चिमेला, काचेपासून दोन फूट बाहेर, सिमेंटच्या जाळीच्या ठोकळ्यांची भिंत उभी राहिली. गवंडी जालन्याकडचा होता. त्याला ठोकळे कसे लावायचे ते सांगावं लागलं नाही. फक्त म्हणाला, "मॅडम, निळी काच झाकली जाईल. मग लावली कशाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता तळमजल्यावर दुपारी ट्यूबलाइट लागत नाहीत. वर्ग थंडगार झाला असं म्हणणार नाही, मार्च तो मार्चच. पण मुली शेवटच्या तासापर्यंत जाग्या असतात. वरच्या मजल्याचं काम बाकी आहे. चिका दर पावसाळ्यात कुजतात, दोर तुटतात, आणि दोन वर्गांत अजूनही अखबार चिकटवलेले आहेत.

पुढच्या महिन्यात वरच्या मजल्यासाठी बैठक आहे. तुमच्या गावात शाळा, मदरसा, दवाखाना, काहीही बांधलं जात असेल आणि टेबलावर काचेचे तुकडे मांडले जात असतील, तर रंगावर बोट ठेवण्याआधी उठून बाहेर जा. दुपारी चारला त्या भिंतीसमोर उभे राहा. ऊन तोंडावर येत असेल, तर आधी सावलीचं बोला. काचेचं त्यानंतर.